लाल झेंड्याजवळची साखर

सुधाताई,

काल एजवेअरच्या फ्लॅटमधला तुमचा फ्रिज रिकामा केला. तुमच्या भाच्याने, मिलिंदने, किल्ली दिली होती. मागच्या कोपऱ्यात दह्याचा डबा होता, तारीख उलटून सहा दिवस झालेला. तुम्हांला जाऊन नऊ दिवस झाले. म्हणजे तुम्ही होतात तोवर ते दही चांगलं होतं. हे लक्षात आलं आणि मी तिथेच लादीवर बसले, फ्रिजचं दार उघडं टाकून. "शैला, वीज फुकट येते का?" असं कुणी ओरडलं नाही.

मिलिंद म्हणाला, मंडळाच्या अंकासाठी तूही काहीतरी लिही. तुमचं शिक्षण, तुमची प्रॅक्टिस, कुठल्या कमिटीवर होतात, ते सगळं तो लिहिणार आहे. मी आठवी अर्ध्यात सोडलेली बाई. मी काय लिहिणार? पण मला तुम्हांला एक सांगायचं राहिलंय. इंग्रजीच्या परीक्षेबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. ते सांगायला मला सात वर्षं पुरली नाहीत आणि आता कुठल्याही शनिवारी तुमच्याकडे येऊन सांगता येणार नाही. म्हणून लिहितेय. चुका असतील. लाल पेन घेऊन बसणाऱ्या तुम्ही आता नाही.

पण आधी झेंड्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हीही कुणाला माझी ओळख करून देताना तिथूनच करायचात.

मी वेल्सच्या त्या किनाऱ्यावर आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. हे बोटीवर खानसामा होते, मग तिथल्या फेरीबोटीच्या किचनमध्ये नोकरी लागली आणि मला देवगडहून बोलावून घेतलं. दिवसभर घरात मी एकटी. खिडकीतून समुद्र दिसायचा, एवढाच काय तो ओळखीचा. आणि समुद्रात घुसलेल्या टोकावर एक उंच काठी आणि तिच्यावर लाल निशाण. मला इतका आनंद झाला! आमच्याकडे अशा प्रत्येक टोकावर कुणीतरी देव असतो. परक्या जागी राहायला गेलं की आधी तिथल्या राखणदाराला सांगावं लागतं, बाबा, आम्ही आलोय, सांभाळून घे. नारळ तर मिळेना. म्हणून मी चिमूटभर साखर कागदात बांधून नेली, काठीच्या बुडाशी ठेवली आणि नमस्कार केला. रोजच जायला लागले. गंमत म्हणजे निशाण रोज नसायचं. मला वाटायचं, आज देव जेवायला गेला असेल.

पाचव्या-सहाव्या दिवशी व्हॅन आली आणि त्यातून तिथला पहारेकरी ग्विन उतरला, हातवारे करत, लालबुंद होऊन. मला त्याचं एक अक्षरही कळलं नाही. त्याने मला व्हॅनमध्ये बसवलं तेव्हा मला वाटलं, आता थेट तुरुंग. त्याने आणलं तुमच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात. गावात हिंदुस्थानी बोलणारं माणूस म्हणजे डॉक्टर.

तुम्ही कुणाचा तरी कान तपासत होतात. वर न बघताच विचारलंत, "काय ठेवत होतीस तिथे?"

मराठी ऐकून मला रडूच फुटलं. "साखर."

"कुणाला?"

"राखणदाराला."

मग तुम्ही वर बघितलंत. ते निशाण म्हणजे लष्कराच्या चाचणीची सूचना होती. निशाण वर, म्हणजे आज समुद्रावर रॉकेटं सुटणार, कुणी फिरकू नये. आणि मी नेमकी तेव्हाच तिथे हात जोडून उभी. तुम्ही ग्विनला इंग्रजीत काहीतरी म्हणालात. तो डोकं खाजवत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी दोन पौंडांची साखरेची पिशवी ठेवून गेला. पुढे कितीतरी महिन्यांनी तुम्ही सांगितलंत काय म्हणालात ते: "ही बाई आठवडाभर तुमच्या सगळ्यांच्या जिवासाठी प्रार्थना करतेय. थँक यू तरी म्हण."

निशाणाचा अर्थ कळला आणि माझं सुख गेलं. रॉकेट सुटलं की आमच्या फळीवरचे कप खुळखुळायचे. नीलेश पोटात होता. मी कानात बोळे घालून जिन्याखाली बसायचे. हे म्हणायचे, "अगं, ते आपल्या अंगावर नाही सोडत." ते मलाही कळत होतं. पण कळून भीती जाते का? तुम्ही माझं ब्लडप्रेशर बघितलंत आणि गोळ्या दिल्या नाहीत. म्हणालात, "गुरुवारी सर्जरी हाफ डे असते. एक वाजता तयार राहा. स्वेटर घाल."

तुमचं गाडी चालवणं! रस्ता एवढा अरुंद की दोन्ही आरसे झुडपांना घासायचे आणि तुम्ही स्टिअरिंगवरचा हात सोडून मला मेंढ्या दाखवणार. तासाभराने मी विचारलं, "कुठे चाललोय?"

"शहरात. सेंट डेव्हिड्सला."

मी घाईघाईने केस नीट केले. शहर म्हणजे मला मुंबई माहीत. चार दुकानं गेली, एक चौक गेला, पुन्हा शेतं लागली. "शहर कधी येणार?"

"अगं, आत्ता गेलं ते."

मी इतकी हसले की तुम्हांला गाडी थांबवावी लागली. आमच्या देवगडचा बाजार याहून मोठा. तुम्ही मात्र गंभीरपणे सांगितलंत, खाली खळग्यात मोठं कॅथीड्रल आहे, म्हणून लोक पूर्वीपासून याला शहर म्हणतात. सरकारी कागदावर ते शहर राहिलेलं नाही. कागद कधीच गेला, लोक ऐकत नाहीत. "हे आपलं शहर," तुम्ही म्हणालात, "बिनकागदाचं."

शहरापलीकडच्या टोकावर आपण सतरंजी टाकली. माझा गुरुवारचा उपवास, म्हणून मी पुडिंगसाठी मिळणाऱ्या साबुदाण्याची खिचडी आणली होती. तिचा पार गोळा झाला होता. तुम्ही ती खाल्लीत आणि म्हणालात, "ऑपरेशन करून वेगळे करावे लागतील हे साबुदाणे." मग घड्याळ बघितलंत, दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि किनाऱ्याच्या दूरच्या टोकाकडे बोट केलंत. तिकडे आमचं गाव होतं.

पाण्यावरून एक पांढरी रेघ उठली. खडूने ओढावी तशी. वर गेली, समुद्राकडे वळली आणि हळूहळू फाटत गेली. मी आवाजाची वाट बघत कान दाबून बसले होते. आवाज आलाच नाही. तुम्ही माझे हात धरून कानांवरून खाली आणलेत. "बघ. जिन्याखाली बसून ज्याला घाबरतेस ना, ते हे आहे."

औषध म्हणून एकदा न्यायचं होतं तुम्ही मला. पुढे सहा वर्षं आपण जात राहिलो. आधी मी जड पोटाने, मग नीलेशला कडेवर घेऊन, मग तो स्वतः धावत. मच्छीमारांसाठी पोस्टाबाहेर चाचणीच्या वेळांचा कागद लागायचा. मी वाचलेलं पहिलं इंग्रजी ते. आधी तुम्ही मला आकडे वाचायला लावलेत, मग वार, मग शब्द. मागून एखादी बाई खोळंबली की मी घाबरून बाजूला व्हायचे आणि तुम्ही म्हणायचात, "हलू नकोस. रांग तिलाही कळते." त्या कागदावरची वाक्यं मला अजून पाठ आहेत. नीलेश मागच्या सीटवरून विचारायचा, "मावशी, आज मोठी रॉकेट येणार का छोटा?" तुम्ही त्याचं मराठी सुधारायचात, तो पुन्हा चुकायचा, आणि शहर येऊन जायचं.

आपण भांडायचोही. तुमचं म्हणणं, ही शोभेची दारू नाही, ही हत्यारं आहेत, आणि आपण दोघी सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतो याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. मी म्हणायचे, मग येता कशाला? त्यावर तुम्ही थर्मासचं झाकण करकचून लावायचात. एकदा म्हणालात, "तू घाबरत होतीस म्हणून आणलं. आता मलाच चटक लागलीय, त्याचा राग येतो."

मग तो हिवाळा आला, टीव्हीवर रोज युद्ध दाखवायचे तो. एका शहरावर क्षेपणास्त्रं पडत होती, खरं शहर, लाखो माणसांचं. तुम्ही माझ्याकडे चहाला आला होतात. कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "शैला, ती रेघ कुठे संपते ते आता बघितलं. मी पुन्हा येणार नाही." आणि खरंच आला नाहीत. मी बोलून गेले, "आपल्या इथली तर समुद्रातच पडतात ना." ते भांडण तिथेच राहिलं. आज मला वाटतं, तुमचंच बरोबर होतं. पण ती पांढरी रेघ सुंदर होती हेही खोटं नव्हतं, आणि मला त्या रेघेने धीर दिला हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हांला विचारायचं होतं.

आता परीक्षा.

आधी मी तुमची सर्जरी झाडायचे, मग रिसेप्शनवर फाइली लावायला लागले होते. तुमचं एकच टुमणं: संध्याकाळच्या क्लासला जा, इंग्रजीची परीक्षा दे, मग नर्सिंगच्या ट्रेनिंगला अर्ज कर. मी म्हणायचे, "तुमच्या शहराचं बिनकागदाचं चालतं, माझंही चालेल." यावर तुम्ही हसला नाहीत. "शहराला नोकरीचा अर्ज करायचा नाहीये."

तुम्ही फॉर्म आणलात, फी भरलीत, दोन हिवाळे दर मंगळवारी मला क्लासला नेऊन सोडलंत. निबंधांवर लाल पेन चालवलंत. परीक्षेच्या दिवशी स्वतः सोडायला येणार होतात, पण एका बाळंतिणीचा फोन आला. मी बसने गेले. कॉलेजच्या गावात उतरले. शेजारच्याच थांब्यावर सेंट डेव्हिड्सची बस उभी होती, इंजिन चालू.

ताई, मला आठवीच्या वर्गातून उठवून नेलं होतं. आई आजारी पडली, बाबा शाळेच्या दारात आले आणि बाईंना म्हणाले, हिची पुस्तकं कुणाला तरी द्या. सगळा वर्ग बघत होता. कॉलेजच्या दारातून बाकांच्या रांगा दिसल्या आणि मला तोच दिवस दिसला. हात असे थरथरत होते की पेन धरवेना. मी वळले. बस सुटता सुटता चढले.

दिवसभर त्या टोकावर बसून राहिले. रॉकेटं सुटली, दोन. तुम्ही सोडलेली जागा, तुम्ही सोडलेलं बघणं, तुमची फी, सगळ्याला मी त्या दिवशी दगा दिला. तरी एवढंच सांगते, ती रेघ उठली तेव्हा हात थरथरायचे थांबले.

दोन महिन्यांनी तुम्ही विचारलंत, "निकाल?" आणि माझ्या तोंडून गेलं, "पास झाले." आदल्या रात्री नापास झाले म्हणून सांगायचं ठरवलं होतं मी. तेही खोटंच, पण लहान. तुमचा चेहरा बघितला आणि मोठं बोलले.

तुम्ही देवधर्म न करणाऱ्या. पुस्तकांच्या फडताळात तुमच्या आईने दिलेला बाळकृष्ण होता, त्याच्यावर धूळ असायची. त्या दिवशी तुम्ही तो पुसलात, स्टीलच्या वाटीत साखर घातलीत आणि त्याच्यापुढे ठेवलीत. मग चिमूट माझ्या तोंडात घातलीत. म्हणालात, "राखणदाराचा हिशोब चुकता." मला ती साखर गिळवेना. तुम्ही माझ्या बाबांना पत्र लिहिलंत, तुमची मुलगी पास झाली. बाबांनी ते पत्र अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं.

आणि एक गोष्ट मी तेव्हापासून मनात घोळवतेय. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मी परत आले तेव्हा तुम्ही सर्जरीच्या दारात होतात. "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, "बरा." तुमची नजर माझ्या बुटांवर गेली. मुद्दाम पॉलिश केलेले काळे बूट, आणि त्यांना टोकावरचा ओला चिखल आणि मेंढ्यांच्या लेंड्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "दारात काढून ये."

महिन्याभरात यांना लंडनला विमानांच्या जेवणाच्या किचनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही हॅरोला आलो. मला वाटलं, सुटले. पण खोटं माझ्याबरोबर ट्रेनमध्ये बसून आलं. इथे मी पुन्हा क्लासला नाव घातलं, कुणालाही न सांगता. या वेळी नीलेश मला सोडायला आला, सात वर्षांचा. "मम्मी, तू आत जा. मी बघते." बघतो म्हणायचं होतं त्याला. दारातून हात हलवत उभा राहिला, आत बसेपर्यंत हलला नाही. मी पेपर लिहिला. पास झाले, ताई. खरंच. वरचा नाही, मधला ग्रेड आहे. त्यावर नर्सिंगला प्रवेश मिळाला. तुम्हांला वाटत होतं, पहिल्या कागदावर मिळाला. दुसरा कागद नव्हताच हो. हा एकच.

तो कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. तुम्ही रिटायर होऊन एजवेअरला आलात तेव्हापासून दर शनिवारी तो तुमच्या घरी यायचा आणि न दाखवता परत जायचा. त्यावर तारीख आहे ना. तुम्ही दुकानात दह्याचे डबे हलवून मागचा काढणाऱ्या, बिस्किटांची तारीख भिंग लावून वाचणाऱ्या. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, "सर्टिफिकेट दाखव." एकदाही नाही. ही गोष्ट मला उशिराच विचित्र वाटली.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी ड्यूटी संपवून युनिफॉर्ममध्येच आले. दुपारची वेळ. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्या छातीवरचा बॅज वाचलात, नाव, हुद्दा, सगळं, सावकाश. "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणालात. माझा हात पर्समध्ये होता. पाकीट बोटांना लागलंही. तेवढ्यात नर्स ड्रिप बदलायला आली आणि मी तिला मदत करायला उठले. घाबरट माणसाला कामाचा केवढा आधार असतो.

काल फ्रिजनंतर तुमचं टेबल आवरलं; त्यात माझ्यासाठी काही लिहिलेलं सापडलं नाही. माझ्या पर्समध्ये मात्र तुम्ही पाठवलेलं एक कात्रण आधीपासूनच होतं. तुम्ही अजून वेल्समध्येच होतात, मी पास होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते पोस्टाने आलं होतं. आपल्या शहराला राणीने पुन्हा सनद दिली, कागदोपत्री शहर केलं, त्याची बातमी. समासात तुमच्या लाल पेनाने एक ओळ: "शेवटी मिळाला गं कागद. उशिरा मिळाला म्हणून काही कमी होत नाही."

तेव्हा मी ते वाचून हसले होते. शहराबद्दलच आहे असं समजून सर्टिफिकेटच्या पाकिटातच ठेवलं होतं, दोन कागद एकाला एक लागून. काल तुमच्या लादीवर बसून पुन्हा वाचलं. तुम्हांला माहीत होतं का, ताई? बूट बघितलेत तेव्हाच? साखर तोंडात घातलीत तेव्हाही? की ती ओळ खरंच त्या चार दुकानांच्या शहराबद्दल होती आणि मी माझ्या सोयीचा अर्थ काढतेय? मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, "आत्या मनातलं कुणाला सांगायची?" बरोबर आहे. तुम्ही मनातलं सांगत नव्हतात. गाडी काढत होतात.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही विषय बदलाल. बाबांना मात्र काल फोन केला आणि खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोनदा पास झालीस म्हण की." मग म्हणाले, "त्या दिवशी तुझी पुस्तकं कुणाला दिली नव्हती बाईंनी. माझ्याकडे दिली. माळ्यावर आहेत."

तुमचा बाळकृष्ण मिलिंदने मला दिला. आज सकाळी तो पुसला. धूळ होतीच. तुमचा फोटो शेजारी ठेवला, दुर्बीण गळ्यात असलेला, वाऱ्याने केस उडालेला, ग्विनने काढलेला. पुढे तुमचीच स्टीलची वाटी, वाटीत साखर. आणि पाकिटातून कागद काढून वाटीखाली ठेवलाय, तुमच्या बाजूला तोंड करून, अक्षरं सरळ दिसतील असा.

आधी तारीख वाचा, ताई. मग साखर घ्या.

— शैला